मुंबईची पद्मिनी परभणीला आणायची, तर ट्रक कुठला पकडायचा?

(या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे कसं' आणि 'बरं का' बरेचसे काढलेत. थोडे राहिलेत, ते चालवून घ्या.)

आजचा विषय सेलूच्या एका मित्राच्या मेसेजवरून आलाय. त्याच्या काकांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी मुलुंडला सोसायटीच्या आवारात उभी आहे. सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली आणि सगळ्यांना जागा रिकामी करायला सांगितलंय. काका म्हणतात, नेत असशील तर ने, नाहीतर भंगारवाल्याशी बोलणं झालंय. गाडी चालू होते, पण गेली काही वर्षं गेटच्या बाहेर गेलेली नाही. इंटरनेटवर दोन-तीन ठिकाणी भाव विचारला तर याचे डोळेच पांढरे झाले. प्रश्न एवढाच की गाडी सेलूला कमी पैशात कशी आणायची?

'जगात जर्मनी, देशात परभणी' असं आपण छातीठोकपणे म्हणतो, पण जर्मनीची गाडी परभणीत आणणं सोडा, मुलुंडची आणतानाच घाम फुटतो. त्यामुळे हा हिशोब आज जरा सावकाश करू.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणांनी ती फक्त जुन्या पिक्चरमध्ये पाहिलीय. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. कारखाना कुर्ल्यात. इटलीच्या फियाटच्या परवान्यावर तिथे १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली आणि १९७० च्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, वजन ८९५ किलोच्या आसपास, बऱ्याच गाड्यांना गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. आता राहिल्यात त्या लोकांच्या घरच्या. त्यातली एक भंगारात गेली तर नवी बनणार नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता पैसे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. गाडी ट्रकने आणायचं भाडं किलोमीटरवर कमी आणि ट्रक कुठून कुठे रिकामा चाललाय यावर जास्त ठरतं. परतीचा ट्रक पकडलात तर स्वस्त. आपल्यासाठी ट्रक निघाला तर महाग. आणि परतीच्या ट्रकात जे पैसे वाचतात, त्यातले थोडे कागदावर आणि विम्यावर घालायचे. ते नाही घातले तर स्वस्त म्हणजे नुसता जुगार.

आकड्यांत बघा. मुलुंड ते सेलू साधारण पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर. समजा तुम्ही १४ फुटी ट्रक खास या गाडीसाठी सांगितला. तो जाणार आणि येणार, म्हणजे १००० किलोमीटर. लिटरला ७ किलोमीटर धरले आणि डिझेल ९२ रुपये धरलं, तर नुसतं डिझेल १३ हजारांच्या घरात जातं. त्यावर टोल, ड्रायव्हरचा भत्ता, ट्रकचा हप्ता, मालकाचा नफा. आता दुसरी बाजू. एक ट्रक नवी मुंबईत माल उतरवून परभणीकडे रिकामाच निघालाय. त्याला मुलुंडला वळून यायला समजा ५० किलोमीटरचा वळसा पडला. म्हणजे सात लिटर डिझेल, साडेसहाशे रुपये. तो कसाही परत येणारच होता. या साडेसहाशेच्या वर तुम्ही जे द्याल ते त्याच्यासाठी जवळपास कमाईच. हे माझे धरलेले आकडे आहेत, बाजारभाव नव्हे. पण घासाघीस कोणत्या दोन टोकांच्या मध्ये करायची ते यावरून कळतं. फोनवर 'शेवटचं किती' विचारण्याऐवजी 'तुमची गाडी मुंबईहून रिकामी कधी निघतीय' असं विचारा. ट्रान्सपोर्टवाला लगेच ओळखतो की समोरच्याला धंदा कळतो.

भाड्याची ही ताकद परभणीकरांना मी काय सांगणार? २०१८ आणि २०२१ मध्ये पेट्रोलचे भाव चढले तेव्हा परभणीचं नाव रोज बातम्यांत होतं, कारण इथलं पेट्रोल राज्यातल्या सगळ्यात महाग पेट्रोलमध्ये गणलं जायचं. आपल्याकडे जास्त, कारण टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून इथवर येतो आणि त्याचं भाडं लिटरमागे चढतं. आणि टँकर जाताना रिकामाच जातो, त्यात दुसरं काही भरता येत नाही. आपल्या पद्मिनीचं नशीब त्या बाबतीत बरं आहे.

मग परभणीकडे रिकामे ट्रक कधी आणि कुठून येतात? दिवाळीनंतर मानवत, सेलू, परभणीच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी बाहेर पडतात. सोयाबीन मोंढ्यात येतं आणि पुढे जातं. हा हंगाम फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. या दिवसांत बाहेर जाणारा माल भरपूर असतो, म्हणजे ट्रकवाल्याला लवकर परभणीत पोचून पुढची खेप भरायची घाई. मुंबईहून येताना तो अर्ध्या भाड्यावरही काहीतरी घेऊन यायला तयार होण्याची शक्यता या दिवसांत जास्त. जून-जुलैत गणित उलटं होतं. खतं आणि बियाणं आत येतं, बाहेर जायला माल कमी. त्या वेळी परभणीहून पुण्या-मुंबईला गाडी पाठवायची असेल, समजा डेंटिंग-पेंटिंगसाठी, तर ते स्वस्त पडावं.

म्हणून इंटरनेटवरच्या फॉर्ममध्ये नंबर टाकण्याआधी मोंढ्यात जा. सेलू, मानवत, परभणी, कुठल्याही मोंढ्याच्या आसपास ट्रान्सपोर्टची ऑफिसं असतात. दोन-चार खुर्च्या, भिंतीवर देवाचं कॅलेंडर, टेबलावर बिल्टीची पुस्तकं. तिथे सांगा की मुलुंडहून एक पद्मिनी आणायचीय, घाई नाही, १५ दिवसांत कधीही चालेल. 'घाई नाही' हे दोन शब्द म्हणजे नगद पैसे आहेत. तारीख तुम्ही ठरवली की भाडं त्याचं, तारीख त्याने ठरवली की भाडं तुमचं. अर्थात सोसायटीने दिलेली तारीख मनात ठेवा, ती बोलून दाखवू नका.

आता तुम्ही म्हणाल, ते बंद कंटेनर असतात, ज्यात नव्या कोऱ्या गाड्या येतात, त्यात का नाही? चांगला पर्याय आहे. गाडी झाकलेली राहते, चढवायला रॅम्प असतो, चाकं बांधायची सोय असते. पण दिशा बघा. नवी गाडी पुण्या-मुंबईच्या कारखान्याकडून नांदेड, संभाजीनगरच्या शोरूमकडे येते. म्हणजे इकडे येताना कंटेनर भरलेला आणि जाताना रिकामा. सेलूच्या मित्राला नेमकं भरलेल्या दिशेने यायचंय, त्यामुळे एखादी जागा शिल्लक असेल तरच जमेल. ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्या उघड्या ट्रेलरचंही तसंच. जॉन डिअरचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे. तिकडचे ट्रॅक्टर आपल्या भागात उतरवून ट्रेलर परत जाताना रिकामा असू शकतो. परभणीहून पुण्याला गाडी न्यायची असेल तर ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आधी चौकशी करा. मला हा पर्याय फार आवडतो, कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही.

रेल्वेचं काय, असं नेहमी विचारलं जातं. मोटारसायकल पार्सलने जाते. पेट्रोल पूर्ण काढायचं, गोणपाट-पुठ्ठ्यात बांधायची, आरसीची आणि ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची. जुनी येझदी किंवा चेतक आणायची असेल तर हा मार्ग जरूर बघा, फक्त तुमच्या स्टेशनावर गाडी किती मिनिटं थांबते आणि पार्सल उतरवतात का, ते आधी पार्सल ऑफिसात विचारा. चारचाकीचं मात्र अवघड. नव्या गाड्यांच्या मालगाड्या धावतात, पण त्या कंपन्यांसाठी, पूर्ण रेकच्या हिशोबाने. आपली एकटी गाडी त्यात बसत नाही. महाराष्ट्रात सामान्य माणसाने स्वतःची कार रेल्वेवर चढवली ती कोकणात. कोकण रेल्वे १९९९ पासून ट्रक रेल्वेवर चढवून नेते, आणि २०२५ च्या गणपतीत, २३ ऑगस्टपासून, कोलाड ते वेर्णा अशी कारसाठी सेवा सुरू केली. एका कारला ७,८७५ रुपये, एका फेरीत ४० गाड्या, आणि किमान १६ गाड्या जमल्या तरच फेरी. ही १६ ची अट बघा. परत तेच गणित, गाडी भरली तर परवडतं. आपल्याकडे, नांदेड विभागात, असं काही नाही. रेल्वेप्रेमींनी नाराज होऊ नये, पण सेलूच्या मित्राने यात वेळ घालवू नये.

राहिला सगळ्यात स्वस्त दिसणारा मार्ग, चालवत आणणे. पद्मिनी लिटरला १२ किलोमीटर देते असं धरलं, तर ५०० किलोमीटरला ४२ लिटर. पेट्रोल १०५ रुपयांनी ४,४०० रुपये झाले. ट्रकपेक्षा कमीच. पण दोन अडचणी. पहिली, वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे टायर. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३१९ असं लिहिलं असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही नवी दिसो, दहा-बारा वर्षांच्या रबरावर तुम्ही समृद्धी महामार्गाच्या सिमेंटवर उन्हात गाडी हाणणार असाल तर मी तुमच्यासोबत बसणार नाही. तसंही पद्मिनीच्या तब्येतीला जो वेग मानवतो, त्या वेगाने १२० च्या रस्त्यावर चालणं म्हणजे मागच्यांना त्रास आणि आपल्याला धोका. माळशेज घाटातून अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव, पाथरी असा जुना रस्ता तिच्या स्वभावाला जास्त जुळतो. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधले वॉशर त्यासाठी बनलेलेच नाहीत. ते आधी बदलायला हवेत. उन्हाळ्यात तर पेट्रोल पंप तापून पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी घाटात बंद पडते. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकून बसायचे, ते उगाच नाही.

दुसरी अडचण टायरपेक्षा मोठी, आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. आरसी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी गाडी आरटीओला दाखवून नूतनीकरण. १९८७ ची गाडी म्हणजे २००२, २००७, २०१२, २०१७, आणि मग २०२२. आपल्या मित्राने मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकून पाहिला तर आरसी २०२२ मध्येच संपलेली. म्हणजे ही गाडी आज रस्त्यावर चालवणंच बेकायदा. चालवत आणायचा विषय इथेच संपला. दोर बांधून ओढत आणू असंही कुणी सुचवेल. बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढायला परवानगी असते, मुलुंड ते सेलू नव्हे.

आणि आरसीचे पैसेही मोजा. २० वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी २०२५ च्या ऑगस्टपासून १० हजार रुपये झालीय. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये वेगळे. तीन वर्षांचा उशीर धरा, ३६ महिने, १८ हजार. दोन्ही मिळून २८ हजार, वर पर्यावरण कर. म्हणजे भाड्यात दोन हजारांची घासाघीस करता करता इकडे दर महिन्याला ५०० चढतायत. गाडी घरी आली की पहिलं काम गॅरेज नव्हे, परभणीचं आरटीओ ऑफिस. खरं तर आणायच्या आधीच तिथे एक चक्कर मारा. मुंबईतली नोंद, मालकाच्या नावातला बदल आणि नूतनीकरण यांतलं आधी काय होईल ते विचारून घ्या. गाडी राज्यातल्या राज्यातच येतीय, त्यामुळे जुना नंबर राहतो. १९८७ चा म्हणजे एमएच मालिकेच्या आधीचा, तीन अक्षरी नंबर. तो गेला तर निम्मी मजा गेली. परराज्यातून गाडी आणणाऱ्यांना मात्र तिथली एनओसी घेऊन एमएच-२२ चा नवा नंबर घ्यावा लागतो, हे लक्षात ठेवा.

काहींना वाटेल की व्हिंटेज म्हणून नोंदवून टाकू. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण हवीत. फी २० हजार, नोंदणी १० वर्षांची, जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. १९६८ ची फियाट असेल तर विचार करा. सेलूच्या मित्राची गाडी २०३७ मध्ये पन्नाशीची होईल. तोवर काकांची सोसायटी बावीस मजली झालेली असेल.

तर ट्रकच. माप सांगतो, कारण इथे लोक फसतात. पद्मिनी ३.९३ मीटर लांब, म्हणजे तेरा फुटांना जरा कमी. टाटा ४०७ च्या हौद्यात ती फळी लावून बसत नाही. १४ फुटी आयशरमध्ये बसते, पण जेमतेम. रुंदी १.४६ मीटर. हौदा आतून सहा फूट धरला तर दोन्ही बाजूंना सात-सात इंच उरतात. म्हणजे आत गेल्यावर गाडीचं दार उघडत नाही! ड्रायव्हर आत अडकतो. म्हणून काचा खाली ठेवायच्या, गिअर न्यूट्रल, चौघांनी ढकलायची आणि एकाने बाहेरून खिडकीतून स्टेअरिंग धरायचं. ॲम्बेसेडर आणणाऱ्यांनी १७ फुटीच बघावी, ती सव्वाचार मीटरच्या वर आहे आणि पुष्कळ जड.

मोठ्या ट्रकात पार्टलोडने आणली तर आणखी स्वस्त. ट्रकचं भाडं टनावर असतं आणि पद्मिनी एक टनही नाही, ती फक्त जागा खाते. तिच्या मागे-पुढे दुसरा माल येणार. तो काय आहे, ते विचारायचंच. बिस्किटाचे बॉक्स चालतील, तेलाचे डबे आणि लोखंडी पाइप नको.

चढवायचं कसं? ट्रकचा हौदा जमिनीपासून साडेतीन-चार फूट. मुंबईत रॅम्प नसेल तर एखाद्या गोदामाचा धक्का शोधा, जिथे माल थेट ट्रकात सरकवतात. ट्रक मागे लावला की हौदा आणि धक्का जवळपास एका पातळीत. मध्ये दोन जाड लोखंडी प्लेटा. त्यासाठी मुलुंडच्या सोसायटीतून धक्क्यापर्यंत गाडी नेण्याचं काम फ्लॅटबेडवाल्याला द्या, दहा-पंधरा किलोमीटरचं. पद्मिनीची मागची चाकं ओढतात, त्यामुळे पुढची चाकं उचलून मागची फिरवत नेणारी क्रेन नको. इकडे उतरवायला सोपं. मोंढ्यातला धक्का आहे, नाहीतर शेताचा उंच बांध. जेसीबी उतरवणाऱ्याला विचारा, त्याला गावातली प्रत्येक उंच जागा पाठ असते.

बांधताना पट्टे चाकांवरून घ्यायचे. बंपरला किंवा छतावरून दोर टाकला की झालं, क्रोम गेलं आणि छताला पोच आली. चाकांना चारी बाजूंनी लाकडी ठोकळे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, पेट्रोल अगदी तळाला. ताडपत्री टाकायची तर खाली जुनी गोधडी, कारण वाऱ्यात ताडपत्री फडफडत पाचशे किलोमीटर घासली की रंगाला पॉलिश पेपर मारल्यासारखं होतं. चाकांचे कप, आरसे, पुढचं चिन्ह, वायपर, हे सगळं काढून पिशवीत भरून स्वतःसोबत एसटीने आणा. यातली एखादी वस्तू गेली तर मग मुंबईच्या चोर बाजारात शोधत फिरा.

आता कागद. इथे जरा लक्ष द्या, कारण गाडीपेक्षा इथेच लोक जास्त गमावतात.

ट्रान्सपोर्टवाला जी बिल्टी देतो, ती म्हणजे तुमचा करार. २००७ चा रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा आणि त्याचे २०११ चे नियम असं सांगतात की मालाची जास्त किंमत आधी लिहून दिली नसेल, तर नुकसान झाल्यास वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच. आता गंमत बघा. तुम्ही घासाघीस करून भाडं ८ हजारांवर आणलं. शाबास. पण गाडी वाटेत उलटली तर जबाबदारी ८० हजारांपर्यंत. जितकं स्वस्त भाडं, तितकं कमी संरक्षण! म्हणून बिल्टीवर गाडीची किंमत लिहून घ्या. तो थोडे जास्त पैसे मागेल. त्या थोड्या पैशांवर घासाघीस करू नका. आणि बिल्टीवर 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का आहे का, ते सही करण्याआधी वाचा. नुकसान झालंच तर लेखी नोटीस बिल्टीच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. फोनवर भांडत सहा महिने काढले तर कोर्टाचं दार बंद.

विमा वेगळा काढायचा. वाहतुकीतल्या मालाच्या विम्याला मरीन म्हणतात, मुलुंड ते सेलूच्या रस्त्यावर समुद्र नसला तरी. एका खेपेचाही मिळतो. त्यात 'बी' प्रकार म्हणजे आग, टक्कर, ट्रक उलटणं असे ठरावीक धोके, आणि 'ए' प्रकार त्याहून व्यापक. ओरखड्यांची काळजी असेल तर 'बी' घेऊन उपयोग नाही. आणि जुनी पोच, जुना गंज कुणीच भरून देत नाही. म्हणून चढवण्याआधी दिवसाउजेडी गाडीभोवती फिरून सलग एक व्हिडिओ काढा. किलोमीटरचा आकडा, चासी नंबर, प्रत्येक पोच, ट्रकचा नंबर, सगळं त्यात आलं पाहिजे. तोच व्हिडिओ ट्रान्सपोर्टवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, म्हणजे तारीख-वेळेची नोंद आपोआप होते.

पैसे देण्याची पद्धत ठरलेली आहे. चढवताना ॲडव्हान्स, उतरवल्यावर बाकी. पूर्ण पैसे आधी मागणारा, पत्ता विचारला की विषय बदलणारा, नावाजलेल्या कंपनीसारखंच नाव लावून एखादंच अक्षर बदललेला, असा कुणी भेटला की फोन ठेवा. फसवणुकीचा नेहमीचा प्रकार असा, की आधी अगदी कमी भाव सांगायचा, गाडी ताब्यात आली की 'टोल वाढला', 'गोदाम भाडं लागलं' म्हणत दुप्पट मागायचे, आणि देईपर्यंत गाडी कुठे आहे ते सांगायचंच नाही. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की नाव आणि पत्ता दिसतो, दोन मिनिटांचं काम आहे. मोंढ्यातल्या ऑफिसचा फायदा हाच. त्याचं शटर तुम्हाला माहीत असतं आणि त्याला तुमचं गाव.

एक स्वस्त जुगाड सांगतो. घरात पडलेला जुना स्मार्टफोन घ्या, लोकेशन शेअरिंग चालू करा, पॉवर बँक जोडा आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. दोन दिवस सहज निघतात. ट्रक पाथर्डीला जेवायला थांबला की भलत्याच दिशेला वळला, ते तुम्हाला सेलूत बसून दिसतं. ड्रायव्हरला हे सांगूनच ठेवा, लपवून नको. त्याच्यासोबत आरसीची झेरॉक्स, काकांचं सही केलेलं पत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती द्या. वाटेत पोलिसांनी विचारलं की ही कुणाची गाडी, तर त्याच्याकडे उत्तर असायला हवं.

गाडी पोचली की रात्री अकरा वाजले असतील, हमाल कंटाळलेले असतील, ड्रायव्हर म्हणेल 'साहेब, सही करा, मला नांदेड गाठायचंय'. टॉर्च लावा. व्हिडिओ काढून पुन्हा एक फेरी मारा. काही नवं दिसलं तर बिल्टीच्या पोच प्रतीवर स्वतःच्या अक्षरात लिहा, मगच सही. मग बाकीचे पैसे. मग चहा, ड्रायव्हरलाही.